‘मेश घ्या म्हणायला लाजता का?’ या कमेंटला उत्तर

नमस्कार सर, कमेंट वाचली, शांतपणे दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की माझं ऐकून खालच्या आणि वरच्या राउटरला एकच नाव, एकच पासवर्ड दिला, अख्खा रविवार गेला, तरी जिना चढताना व्हिडिओ कॉल आठ-दहा सेकंद गोठतो नाहीतर तुटतो, फोन खालच्यालाच चिकटून बसतो, 802.11आर (एका राउटरवरून दुसऱ्यावर पटकन जाण्याचं वायफाय स्टँडर्ड) बद्दल मी अवाक्षर काढलं नाही, आणि शेजाऱ्यांनी मेश (एकच नेटवर्क चालवणारा, घरभर ठेवायच्या वायफायच्या डब्यांचा संच) घेतल्या दिवसापासून त्यांचं मस्त चाललंय. राग येणारच. पण मेश घ्या असं मी आत्ताही म्हणणार नाही, निदान तुमची केबल कुठल्या पोर्टमधे आहे ते बघेपर्यंत तरी नाही.

तुम्हीच लिहिलंय ना, वरच्या राउटरला केबल निळ्या पोर्टमधे लावलीये. निळा म्हणजे बहुतेक वॅन पोर्ट (बाहेरून इंटरनेट आत घेणारा), खाली इंग्रजीत लिहिलेलंही असतं बघा. तिथे केबल लावली आणि मोड बदलला नाही की वरचा राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटतो. खाली फोनला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो समजा 192.168.1.काहीतरी आणि वर 192.168.0.काहीतरी. नाव एकच, त्यामुळे फोनला वाटतं आपण त्याच नेटवर्कवर आहोत, काही वेळा तो जुनाच आयपी धरून बसतो, मग कधीतरी त्याच्या लक्षात येतं, नवीन आयपी घेतो, तोवर चालू कॉलचं कनेक्शन मेलेलं असतं आणि ॲप पुन्हा जोडायची खटपट करत असतं. माझ्या मते तुमचे आठ-दहा सेकंद ते हेच. शेजाऱ्यांचं मेशने सुटलं त्यात मोठा भाग हाच असणार, मेशचे डबे आपापसात एकच नेटवर्क ठेवतात, बाकी जादू नाही. आणि मेशच्या डब्यांमधे केबल नसेल तर निम्मा स्पीड डबे एकमेकांशी बोलण्यात जाऊ शकतो हे दुकानदार सांगत नाही.

तर आधी वरच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं नेटवर्क न थाटता फक्त वायफाय देणारा) आहे का बघा, असेल तर तो लावा, संपलं. नसेल तर त्याचा पत्ता 192.168.1.2 करा (खालचा 1.1 वर आहे असं धरून, आणि तो 2 दुसऱ्या कुणाला दिलेला नाही एवढं बघून), डीएचसीपी (आयपी वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल निळ्यातून काढून लॅन पोर्टमधे (घरातल्या उपकरणांसाठीच्या) घाला. याच क्रमाने, नाहीतर दोघे डीएचसीपी वाटत बसतील आणि घरात बोंबाबोंब होईल.

आता चिकटून बसण्याचं. कुठल्या राउटरवर जायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही, मेश घेतला तरी फोनच ठरवतो. मिळालेली खिडकीची सीट कोण सोडतं हो? ॲपलने हे आकडे जाहीरच केलेत: आयफोन सिग्नल उणे 70 डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) खाली गेल्याशिवाय दुसरीकडे बघतच नाही, आणि बघितलं तरी डेटा चालू असताना समोरचा 8 डीबीने, रिकामा असताना 12 डीबीने चांगला असेल तरच जातो. अँड्रॉइडमधे कंपनीगणिक वेगळं. समजा खालचा राउटर फुल पॉवरवर आहे आणि स्लॅबमधूनसुद्धा वर उणे 67 येतोय, तर आयफोनच्या दृष्टीने सगळं छान चाललंय, वरचा राउटर डोक्यावर टांगलेला असला तरी. म्हणून पॉवर कमी करा म्हणलं होतं, ते तुम्ही केलंच नाही, कारण तुमच्या शब्दात ‘रेंज कमी करून रोमिंग (म्हणजे एका राउटरवरून दुसऱ्यावर जाणं) कसं सुधारेल’. 6 डीबी कमी केलेत की तोच सिग्नल उणे 73 होतो आणि फोन शोधायला लागतो. 2.4 गिगाहर्ट्झची पॉवर आधी उतरवा, ती स्लॅबमधून जास्त घुसते, चॅनल खाली 1 आणि वर 6 किंवा 11, चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ.

802.11आर मुद्दाम लिहिलं नव्हतं. 2008 चं स्टँडर्ड आहे, आणि त्याचा खरा फायदा ऑफिसात, जिथे प्रत्येकाचं लॉगिन सर्व्हरकडून तपासलं जातं आणि ती तपासणी दर वेळी नव्याने होते. घरी साध्या पासवर्डवर वाचतात ते काही मिलिसेकंद, आणि बदल्यात एखादा जुना प्रिंटर नाहीतर स्मार्ट बल्ब रुसतो, कनेक्टच होत नाही. त्याचीच भावंडं 802.11के आणि 802.11व्ही मात्र राउटरमधे असतील तर चालू करा. के मुळे फोनला शेजारच्या राउटरची यादी मिळते, व्ही मुळे राउटर ‘तिकडे जा’ अशी विनंती करतो, ती फोन धुडकावूही शकतो. सिग्नल कमी झाला की फोनला हाकलून देणारं सेटिंग असतं, त्याला हात लावू नका, हाकललेला फोन बऱ्याचदा परत तिथेच येऊन बसतो आणि मधल्यामधे कॉल जातो.

केबल बदलल्यावर जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहा, वायफाय ॲनालायझरमधे (सिग्नल दाखवणारं ॲप) दोन्ही राउटरचे आकडे बघा, आणि खाली-वर दोन्हीकडे फोनचा आयपी बघा. ते इथेच टाका. आयपी दोन्हीकडे एकच, पॉवर उतरवलेली, आणि तरी कॉल तुटतोय असं निघालं तर मग मेशवर बोलू, कुठला घ्यायचा तेही सांगतो.