पट्टी उतरली हो!

रसिकहो, एखादा रॉक बँड फुटतो, त्यातले लोक वीस वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, मग एके दिवशी पुन्हा एकत्र उभे राहतात आणि फिरत फिरत चक्क महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर येऊन वाजवतात. अशा वेळी नाशिककर चाहत्याने काय करावं? आनंद मानावा? छे. आनंद काय, कोणीही मानतं. गन्स एन' रोझेस १७ मे २०२५ ला मुंबईत वाजवून गेले, तेव्हापासून आपल्याकडे मिसळीच्या टेबलांवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर जी विद्वत्ता सांडली आहे, ती अजून पुसून झालेली नाही. परवा पुन्हा त्या मैफलीतली, गायक ॲक्सल रोझची, अर्ध्या मिनिटाची क्लिप फिरत फिरत आली. खाली तेच दोन शब्द, "आवाज संपला." एवढं ज्ञान असं विखुरलेलं राहू नये, पुढचा बँड येईल तेव्हा नवशिक्यांच्या हाताशी असावं, म्हणून हा खटाटोप.

सगळ्यात आधी निकाल लावून घ्यावा. मैफल नंतर. बँड आधीच्या शहरांत काय काय वाजवून आला त्याची सेटलिस्ट, म्हणजे गाण्यांची यादी, आठवडाभर आधी शोधावी, क्रम पाठ करावा, टोपीवाला गिटारिस्ट स्लॅश एकटा पुढे येऊन सोलो कधी वाजवतो तेही टिपून ठेवावं. परतल्यावर हताश चेहऱ्याने सांगावं, "सरप्राइज असं काही नव्हतंच."

"ओरिजिनल लाइनअप", म्हणजे बँडचा मूळ संच, हे शब्द दर दोन वाक्यांमागे आलेच पाहिजेत. ॲक्सल, स्लॅश, बेसवाला डफ आहेत हो, पण दुसरा गिटारवाला इझी कुठाय? ड्रमर स्टीव्हन ॲडलर कुठाय? हे विचारताना डोळे किंचित मिटावेत, सवाई गंधर्वच्या जुन्या पहाटेची आठवण निघाल्यासारखे. आणि लगेच पुढच्या श्वासात सांगावं, की आपलं सगळ्यात लाडकं गाणं म्हणजे ते नऊ मिनिटांचं, पियानोवालं, पावसाचं 'नोव्हेंबर रेन'. ते १९९१ चं. ॲडलरला बँडने १९९० मध्येच घरी पाठवलं होतं, त्या गाण्यावर ड्रम मॅट सोरमचे आहेत. म्हणजे ज्यावर तुमचा जीव जडलाय ते मुळात ओरिजिनल लाइनअपचं नाहीच. पण हे आपल्याला माहीत नाही असं धरून चालावं. चालताच आहात.

ॲक्सल डिसेंबर २०१२ मध्येही भारतात येऊन गेला होता, स्लॅशशिवाय. तेव्हाचं वाक्य होतं, "स्लॅश नाही तर कसले गन्स?" आता स्लॅशला घेऊन आला. आताचं वाक्य, "आता येऊन काय उपयोग?" दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आणि शक्यतो एकाच कटिंगवर यावीत.

पोरांच्या अंगात बँडचा टीशर्ट दिसला की "तीन गाणी सांग" म्हणून अडवावं. स्वतः चौथं आठवायचा प्रयत्न करू नये.

प्रवासाचं म्हणाल तर सकाळी पंचवटी एक्सप्रेसने जावं, दादरला उतरावं आणि संध्याकाळपर्यंत उन्हात भटकून पाय मोडून घ्यावेत. मे महिन्यातली मुंबई आहे, तेव्हा पाणी पिऊ नये. पाणी प्यायलं की रांग लावावी लागते आणि रांग लावली की जागा जाते. परतीची पंचवटी संध्याकाळी सव्वासहाची, म्हणजे ती विसरा. मग उरते मध्यरात्रीच्या सुमाराची कसारा लोकल, पुढे कसाऱ्याला अनोळखी लोकांची मोट बांधून टॅक्सी आणि घाट. नाहीतर कोणाची तरी गाडी आणि भिवंडी बायपास. म्हणून शहाणा चाहता शेवटची तीन गाणी सोडून पार्किंगकडे पळतो. सगळ्यांना पाठ असलेलं गाणं बँड अगदी शेवटाला राखून ठेवतात, हे गेली चाळीस वर्षं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी पळावं. आणि पडघ्याला चहा पिताना सुस्कारा सोडावा, "ते वाजवलंच नाही राव त्यांनी."

मैदानात उभं कुठे राहावं, यालाही शास्त्र आहे. एकतर कठड्याला छाती लावून, जमिनीवरच्या सबवूफरच्या अगदी पुढ्यात. वर टांगलेले स्पीकर आवाज तुमच्या डोक्यावरून मागे फेकतात, त्यामुळे किक ड्रमच्या दणक्याने बरगड्या हलतात आणि गायकाचा एक शब्द कळत नाही. निष्कर्ष: मिक्सिंग भिकार. नाहीतर पार मागे, खाण्याच्या स्टॉलपाशी. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. शंभर मीटर मागे उभे राहिलात तर आवाज तुमच्यापर्यंत जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा येतो, पडद्यावरचं चित्र मात्र लगेच. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ओठ आणि शब्द यांच्यात अर्ध्या ठोक्याहून जास्त फट. मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे आणखी मनोरे उभे करतात, त्यांचा आवाजही मुद्दाम तेवढाच रोखून सोडतात. नाहीतर पुढून येणारा एक आणि इथला एक, असे दोन ॲक्सल ऐकू आले असते. निष्कर्ष: रेकॉर्ड लावली होती, गडी नुसतं तोंड हलवत होता.

(मधोमध, साउंडवाल्याच्या टेबलाच्या जरा मागे उभं राहिलं तर सगळ्यात नीट ऐकू येतं. तो माणूस तिथेच कान लावून सगळ्यांचा तोल साधत असतो. पण तिथून सेल्फीत स्टेज येत नाही. जाऊ द्या.)

कानात बोळे अजिबात घालू नयेत. शंभर डेसिबलला कान पंधरा मिनिटंच सुरक्षित, असं सांगणारे डॉक्टर घाबरट असतात. आपण नाशिक ढोलापुढे नाचून मोठे झालेलो आहोत. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहिली तर "साउंड फार कर्कश ठेवला होता" अशी तक्रार करावी.

नवं गाणं सुरू झालं की मुतारीकडे निघावं. परतल्यावर "नवीन काही करतच नाहीत" म्हणावं.

आता खरा हुकमी पत्ता, पट्टी. "गिटारी अर्ध्या सुराने खाली लावल्यात, पट्टी उतरवलीय, वय झालं!" या वाक्याची छाप जबरदस्त पडते, कारण बोलणाऱ्याला गिटारीतलं कळतं असा ऐकणाऱ्याचा समज होतो. यूट्यूब लावून तुम्ही आपली गिटार जुळवून पाहिलीत. पेटीच्या भाषेत, तुमची जाड तार पांढरी तीनवर, त्यांची अर्धा सूर खाली, काळी दोनवर. पकडली चोरी! अडचण बारीकशीच आहे. हा बँड १९८७ च्या पहिल्या अल्बमपासून काळी दोनवरच आहे. ॲक्सल पंचविशीत होता तेव्हापासून. सहाच्या सहा तारा अर्धा सूर खाली. तसं केलं की तारेचा ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो, जरा जाड तारा लावूनही बोटाने सूर लांबवर ओढता येतो आणि आवाज भरदार लागतो. गिटारवाला जिमी हेंड्रिक्सही असाच लावायचा, त्याचंही वय झालं होतं का? सत्ताविसाव्या वर्षी गेला बिचारा.

आणि समजा, उतरवली असती पट्टी. मग? कालिदास कलामंदिरात सत्तरीचे बुवा काळी दोन सोडून पांढरी एकला येतात, तेव्हा तुम्हीच मान डोलावता, "काय ठहराव आलाय गळ्यात!" लेड झेपलिन हा जुना बँड १० डिसेंबर २००७ ला लंडनमध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले, ड्रमवर त्यांच्या वारलेल्या ड्रमरचा, बॉनमचा, मुलगा होता आणि काही गाणी चक्क खालच्या पट्टीत गायली. त्यावर तुमचं स्टेटस काय होतं? "दंतकथा." मग साठी ओलांडलेल्या ॲक्सलने वरचा सूर खऱ्या आवाजात न घेता खोट्या आवाजात घेतला की लगेच "मिकी माऊस" कसं होतं? ही शिवी सुद्धा तुमची नाही, परदेशातून आयात केलेली आहे. निदान शिवी तरी नाशिकची द्यायची.

दुसऱ्या पंथाच्या लोकांनाही वाऱ्यावर सोडता येणार नाही. "अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, शब्द नाहीत" असं लिहून झालं की शब्द नसल्याचं आणखी चार परिच्छेद लिहावं. आवाज वर पातळ होतो असं कोणी नुसतं म्हटलं तरी त्याला ग्रुपमधून काढावं.

आता फोन. इथे मात्र सूचना नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ याच्यावर आहे.

पहिल्या गाण्यापासून हात वर, हातात फोन. हात दुखला की दुसरा हात. मागच्या माणसाने तिकिटाचे पैसे तुमचा तळवा बघायला भरलेले असतात. चित्रण उभं करावं, मध्येच झूम करावं, झूम करून टोपीचा कण दिसतो तो धरून ठेवावा. आता त्या फोनच्या आत काय चाललंय ते ऐका. मैदानातला आवाज इतका मोठा असतो की माइक त्याला झेपत नाही, लाटेचे शेंडे छाटले जातात, त्यालाच तुम्ही "फाटलेला आवाज" म्हणता. फोन स्वतःहून आवाज खालीवर करत राहतो, ड्रमचा दणका बसला की गाणं दबतं, दणका गेला की गर्दीचा कल्ला वर येतो. मग तुम्ही ती क्लिप पाठवता, व्हॉट्सॲप ती पिळून चिंधी करतं. समोरचा ती ऐकतो फोनच्याच स्पीकरवर, जिथे दोनशे हर्ट्झच्या खालचं जवळपास काही वाजतच नाही. डफच्या बेसची सगळ्यात खालची तार सुमारे ३९ हर्ट्झची आहे! म्हणजे बेस गेला, किक गेली, गिटारीचा पाया गेला. उरली काय, तर झांजांची किरकिर आणि अधांतरी लटकलेला एक गळा. कुठल्याही गायकाच्या खालून बँड काढून घ्या आणि नुसता गळा मासळीबाजारात उभा करा, कसा वाटेल? लतादीदींचा केला असता तरी तुम्ही "आवाज बसला" म्हणाला असतात!

आणि तो गळा तरी ॲक्सलचा आहे का? स्पीकर तुमच्यापासून सत्तर-ऐंशी मीटरवर. फोन तुमच्या तोंडापासून हातभर. तुम्ही गात होतात. गात कसले, केकाटत होतात, शब्द येत नव्हते तिथे "ना ना ना" करत होतात. हातभर अंतरावरून माइकमध्ये काय शिरणार? ती जी क्लिप सहा ग्रुपांवरून फिरून आली, जिच्याखाली लोक हळहळले, जिच्यात वरच्या सुराला कोणीतरी पार गटांगळी खातं, ती पुन्हा लावा आणि नीट ऐका. दुसऱ्या कडव्याच्या आधी एक आवाज स्पष्ट मराठीत म्हणतो, "आलं आलं, आता आलं." मग गटांगळी. तो बेसूर तुमचा आहे, भाऊ. अख्ख्या नाशिकने अख्खा आठवडा तुमच्या गळ्याचं श्राद्ध घातलं.

न गेलेल्यांनी तर कमालच केली. त्या चिंधीवर निकाल देऊन मोकळे. "बरं झालं पैसे घालवले नाहीत." वडा न खाता तेलाच्या वासावर दुकान बंद पाडायला निघालेले लोक.

पुरे झालं. सरळ सांगतो. आवाज बदललाय, कोणी नाही म्हटलंय? वर पातळ झालाय. साठी ओलांडली की गळ्याच्या पट्ट्या ताठरतात आणि झिजतात, कूर्चा कडक होत जातात. ते गाणाऱ्या प्रत्येकाचं होतं, तुमचंही होईल, तुमचं तर आत्ताच झालंय. त्यावर टीका जरूर करा, पण ऐकून करा. कुठल्या गाण्यात, कुठल्या सुराला, खर्ज कसा लागला, गिटार कुठे सांभाळून घेत होती, हे बोला ना! त्यावर रात्रभर भांडू. पण तुम्ही ऐकलंच नाही. समोर माणसं वाजवत होती आणि तुम्ही तळहाताएवढ्या पडद्यावर फोकस शोधत होतात.

पिंक फ्लॉइड या बँडचे चौघे २ जुलै २००५ ला हाइड पार्कात उभे राहिले, २४ वर्षांनी, जेमतेम पंचवीस मिनिटं. लोक म्हणाले, आता पुढच्या वेळी मोठी मैफल करा. २००८ मध्ये त्यातला रिक राइट गेला. पुढची वेळ आलीच नाही. ही म्हातारी माणसं आहेत हो. तुम्हाला आख्खी संध्याकाळ मिळाली होती, महालक्ष्मीला, कसारा लोकलच्या टप्प्यात, आणि तुम्ही ती मेमरी कार्डात कोंबून आणलीत आणि चिंधी करून वाटलीत.

ती क्लिप आधी डिलीट करा. मग बरे हेडफोन लावा, १९८७ चा अल्बम लावा. गिटार असेल तर सहाही तारा अर्धा सूर उतरवा, जाड तारेपासून सुरुवात करा, सगळ्या उतरल्या की ती जाड तार पुन्हा तपासा, कारण ताण कमी झाला की गिटारीची मान हलते आणि आधी लावलेली तार वर चढलेली सापडते. मग त्याच्याबरोबर वाजवा. आणि त्यानंतर मला सांगा पट्टी कुठे उतरलीय.