दाट जंगलात वीस पॉवरची दुर्बीण कामाची नाही

ऑक्टोबरात जंगलांची गेटं उघडली की नागपुरातल्या सफारीच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा इथलं जंगल दाट आहे, म्हणून ८ पॉवरची, म्हणजे आठ पट जवळ दाखवणारी, दुर्बीण तिथे कुचकामी ठरते. किमान २०×५० (२० पॉवर, पुढची काच ५० मिमीची) घ्या. जमलं तर १० ते ३० झूमची घ्या. लाल काचेची घेतलीत तर अंधारातही दिसेल. आणि शेवटी पुरावा म्हणून, शिकारी लोकही रायफलवर मोठ्या पॉवरचीच स्कोप, म्हणजे नेमबाजीची दुर्बीण, लावतात.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक आहे. लोक हे वाचून पैसे घालवतात आणि मग वाघ समोर असताना दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी शोधत बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला आणि मुख्य दावा, दाट झाडी म्हणून जास्त पॉवर. खरं नेमकं याच्या उलट आहे. पेंचच्या सिल्लारी किंवा खुर्सापार गेटातून आत गेल्यावर रस्त्याच्या कडेला साग, ऐन, बांबूची बेटं आणि मध्ये मध्ये घाणेरी. पावसाळा नुकताच सरलेला असेल तर नजर वीस-पंचवीस मीटरच्या पुढे जातच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग उघडा पडतो तेव्हा थोडं आतपर्यंत दिसतं, पण तेही मैदानासारखं नाही. आता पंचवीस मीटरवरचा वाघ ८ पॉवरमधून पाहिला तर तो साधारण तीन मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. मिशांची मुळं मोजता येतात. याहून जवळ आणून करायचं काय?

तोट्याचा हिशेब मात्र मोठा आहे. साधारण ८×४२ दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, २०×५० मधून ५५-६० मीटरचा. पंचवीस मीटरवर याचा अर्थ असा की ८ पॉवरमध्ये सव्वातीन मीटरचा तुकडा दिसतो आणि २० पॉवरमध्ये जेमतेम दीड मीटरचा. वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेतीन-तीन मीटर भरतो. म्हणजे एकीत पूर्ण वाघ मावतो, दुसरीत खांदा दिसेल किंवा मागचा पाय. आणि तो खांदासुद्धा आधी सापडला पाहिजे. गाईड म्हणतो, त्या वाकड्या मोहाच्या डावीकडे, बांबूच्या मागे. तुम्ही दुर्बीण डोळ्याला लावता आणि दीड मीटरच्या वर्तुळात नुसती पानं. मोह कुठे, बांबू कुठे, काही कळत नाही. तेवढ्यात जनावर आत शिरतं. जिप्सीत हे इतक्या वेळा बघायला मिळतं की त्या मेसेजची चीड येते.

दुसरं नुकसान फोकसचं, आणि झाडीत तेच सगळ्यात जास्त छळतं. एका वेळी किती खोलीपर्यंतचं स्पष्ट दिसतं, हे पॉवरच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातं. ८ वरून २० वर गेलात की ती खोली ढोबळमानाने सहा पटींनी कमी होते. उघड्या माळावर हे जाणवत नाही. बांबूत मात्र एक काडी वीस मीटरवर, दुसरी तेवीसवर, जनावर सव्वीसवर आणि तेही चालतं. ८ पॉवरला एकदा फोकस केला की वाघ चार पावलं पुढे-मागे झाला तरी चालतो. २० पॉवरला प्रत्येक पावलाला चाक फिरवावं लागतं. एक गोष्ट मान्य करतो: जास्त पॉवरमध्ये जवळच्या काड्या इतक्या धूसर होतात की कधीकधी त्यांच्या आरपार पाहिल्यासारखं वाटतं. पण जनावर बसलेलं असेल, जागा आधीच सापडलेली असेल आणि हात स्थिर असेल, तरच. पान आडवं आलं की आलंच. पानाने अडवलेला प्रकाश कोणतीही काच परत आणत नाही.

हाताच्या थरथरीबद्दल फार लिहीत नाही, ती पॉवरइतक्याच पटीने वाढते. हातात धरून १० च्या वर जाऊ नये, हा जाणकारांचा नेम उगाच पडलेला नाही. त्यात इंजिन चालू असलेल्या जिप्सीत २० पॉवर म्हणजे थरथरती रेघोटी. ८ पॉवर असली तरी ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायला सांगाच, जनावरांचे इशाऱ्याचे कॉलही ऐकू येतात.

मेसेजवाल्यांचं पुढचं म्हणणं असतं की ५० मिमीची काच मोठी, म्हणून उजेड जास्त. काच जास्त प्रकाश गोळा करते हे खरं. ४२ च्या तुलनेत सुमारे ४० टक्के जास्त. पण तो प्रकाश सहा पट मोठ्या चित्रावर पसरतो. खरा आकडा सोप्या भागाकाराने मिळतो: पुढच्या काचेचा व्यास भागिले पॉवर. ८×४२ मधून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिमीचा, २०×५० मधून फक्त अडीच मिमीचा. दुपारच्या उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमीच असते, म्हणून दुकानाच्या दारात दोन्ही सारख्याच वाटतात. पहाटे गेट उघडतं तेव्हा झाडाखालच्या अंधारात बाहुली पाच मिमीपर्यंत उघडते, आणि तिथे ८×४२ चं चित्र सुमारे चौपट उजळ पडतं. वाघ, बिबट, अस्वल यांच्या हालचालीची वेळ तीच असते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाच्या निसर्गानुभवासाठी मचाणावर बसणाऱ्यांनी हा भागाकार लक्षात ठेवावा. तरुण डोळ्यांना चांदण्यात ७×५० छान चालते. पन्नाशीनंतर बाहुली सहसा पाचच्या आसपासच उघडते, तेव्हा ८×४२ पुरे.

लाल काचेबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ती निव्वळ फसवणूक आहे. काच लाल दिसते, कारण तिच्यावरचा थर लाल प्रकाश परत फेकतो. जो परत फेकला तो तुमच्या डोळ्यात येत नाही, म्हणून आतलं चित्र निळसर-हिरवट होतं. हिरव्या-पिवळ्या झाडीत वाघाचा तांबूस-केशरी रंग, चितळाचा तपकिरी, भेकराचा तांबडा, हेच तर आपल्याला शोधायला मदत करतात. लाल काच नेमका तोच रंग काढून घेते. अंधारात दिसण्याची गोष्ट तर सरळ खोटी. नुसत्या काचांची दुर्बीण प्रकाश निर्माण करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरण लागतं, ते वेगळं असतं आणि फार महाग असतं. चांगल्या काचेवर कोन बदलून पाहिलं तर हिरवी-जांभळी, मंद झाक दिसते. थर नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो. असे दहा पृष्ठभाग असले की एक तृतीयांश उजेड गेलाच. म्हणून सगळ्या काचांवर बहुस्तरीय थर आहे का, हे विचारा. पॉवर त्यानंतर.

झूमची दुर्बीण थोडक्यात निकालात निघते. दोन नळ्यांमधली फिरती भिंगं तंतोतंत जुळलेली राहायला हवीत, स्वस्त मालात ती राहत नाहीत आणि डोकं दुखायला लागतं. शिवाय १० वर ठेवली तरी दिसणारा पट्टा साध्या १० पॉवरपेक्षा अरुंद असतो.

आता तो शिकारीचा पुरावा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, आणि ती बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे. पण पुरावा दिलाच आहे तर तपासू. जर्मनी, स्वीडनमध्ये रानडुकरांची हाक्याची शिकार कायदेशीर आहे. तिथे झाडीतून पळणाऱ्या डुकरासाठी रायफलवर १ ते ४ किंवा १ ते ६ पॉवरची, २४ मिमी काचेची स्कोप लावतात. १ वर ठेवली की दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येतं, बाजूचा माणूस, कुत्रा, दुसरं जनावर नजरेतून सुटत नाही. ४ वर नेली तरी डोळ्यात येणारा झोत ६ मिमीचा राहतो. मोठ्या पॉवरच्या स्कोप उघड्या डोंगरउतारांवर, लांब पल्ल्यासाठी. म्हणजे दाट झुडपासाठी तिथले शिकारीही कमी पॉवरच निवडतात. पुरावा मेसेजच्याच विरुद्ध जातो.

मग घ्यावी कोणती? पेंच, उमरेड, बोर, ताडोबा, सगळीकडे ८×४२. वजन नको असेल तर ८×३२, फक्त पहाटे थोडी कमी उजळ. चष्मा असेल तर डोळा काचेपासून किमान १५ मिमी लांब ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसतं का ते चष्म्यासकट पाहा. खिशातली १२×२५ घेऊ नका, तिचा झोत दोन मिमीचाच. नागपुरात बुर्डीच्या बाजारात किंवा कुठेही घ्याल तर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी जा आणि दुकानाबाहेरच्या झाडाच्या सावलीत फांद्यांमागचं काही शोधून पाहा.

जास्त पॉवरला जागा आहे, पण ती झाडीत नाही. तोतलाडोहच्या जलाशयापलीकडची बदकं किंवा गोरेवाडा तलावाच्या मधोमध बसलेले पक्षी ओळखायचे असतील तर २० पॉवर जरूर वापरा, मात्र तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) बसवून.