काव्यसिद्ध कोण, हे कोणी ठरवलं?

नमस्कार. चिनी साहित्यातल्या बिरुदांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही इतकं मोकळेपणानं लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं, की 'काव्यसिद्ध', 'काव्यमहर्षी', 'सात ज्ञानी', 'आठ आचार्य' ही सगळी दरबारी खुशामत आहे, त्यातून कवितेबद्दल काडीचंही कळत नाही, आणि अशा याद्या घोकण्यापेक्षा दोन कविता वाचाव्यात.

कविता वाचाव्यात, यावर आपलं एकमत आहे. बाकीचं मला अजिबात पटलेलं नाही.

खुशामतीचंच आधी घेऊ. कवी ली बाय (701–762) तांग राजवटीच्या (618–907) राजधानीत, छांगआनला, आला तेव्हा ह चिचांग या ऐंशी ओलांडलेल्या कवीनं त्याला पाहताक्षणी 'शापभ्रष्ट सिद्धपुरुष' म्हटलं आणि कमरेचं सोन्याचं कासव, म्हणजे आपल्या हुद्द्याची खूण, देऊन मद्य आणवलं. हे खुद्द ली बायनंच ह चिचांगच्या आठवणीत लिहिलेल्या कवितेच्या प्रस्तावनेत नोंदवलंय. इथे म्हातारा आहे बडा अधिकारी आणि नवखा आहे ली बाय. मग खुशामत कोण कोणाची करतंय?

आता खऱ्याखुऱ्या दरबाराकडे या. नंतरच्या पिढीतला तांग कवी बाय च्यूयी यानं 815 साली मित्राला, य्वान चनला, पत्रात लिहिलं होतं की मला जाणणारे मला काव्यसिद्ध समजतात आणि न जाणणारे काव्यानं झपाटलेला पिसाट. 846 मध्ये तो वारला. त्याच वर्षी गादीवर आलेल्या सम्राटाच्या नावावर एक शोककविता आहे, तिच्यात बाय च्यूयीला 'काव्यसिद्ध' म्हटलंय. म्हणजे ही पदवी साक्षात सम्राटाकडून मिळाली. टिकली का? आज कोणत्याही चिनी शाळकरी मुलाला 'काव्यसिद्ध कोण?' असं विचारा, तो ली बायचंच नाव घेईल. राजाचा शब्द वाचकांनी मोडीत काढला!

'काव्यमहर्षी' म्हणवल्या जाणाऱ्या दू फूची (712–770) गोष्ट तर तुमच्या आक्षेपाच्या नेमकी उलट आहे. 753 पर्यंतच्या निवडक 24 कवींचा एक नावाजलेला संग्रह आहे. त्यात ली बाय आहे, वांग वेई आहे, दू फू नाही. त्याच्या थोर कविता 755 मध्ये आन लुशान या सेनापतीनं बंड पुकारल्यानंतरच्या, हे खरं. पण तांग काळातले जे संग्रह आज हाती आहेत त्यांत तो भेटतो तो थेट 900 सालच्या, वेई च्वांगच्या संग्रहात. 'आयुष्यभर दुःखानं गात राहिलो, जाणकार काही भेटला नाही' अशा अर्थाची ओळ त्यानं स्वतःच लिहून ठेवलीय. 'काव्यमहर्षी' हे नाव पुढे शतकांनी रुळलं. मेलेल्या, दरिद्री माणसाची खुशामत करून कोणाच्या पदरात काय पडणार होतं? सोंग काळातल्या (960–1279) वाचकांना त्याच्या कवितेत युद्ध, उपासमार आणि माणुसकी एकत्र सापडली, म्हणून त्यांनी त्याला वर नेऊन बसवलं. याला मी समीक्षा म्हणतो.

बांबूच्या बनात जमून मद्य, संगीत आणि गप्पांत रमणारे म्हणून ओळखले जाणारे तिसऱ्या शतकातले सात विद्वान, म्हणजे 'सात ज्ञानी', यांच्यावर तुम्ही विशेष रागावलेले दिसता. ही बैठक खरोखर भरली होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण या सातांतला तणाव बघा. शान ताओनं आपल्या जागी सरकारी पदासाठी जी कांगचं नाव सुचवलं, तर जी कांगनं त्याला मैत्री तोडणारं जाहीर पत्र धाडलं. मला उशिरापर्यंत लोळायला आवडतं, अंगात उवा आहेत, सारखं खाजवावं लागतं, मग दरबारी वस्त्रं चढवून वरिष्ठांपुढे वाकायचं कसं? अशी सात असह्य कारणं, वर आणखी दोन. पुढे सत्ताधाऱ्यांनी त्याचा शिरच्छेद केला. मरणापूर्वी मुलाला मात्र तो म्हणाला, शान ताओ आहे तोवर तू पोरका नाहीस.

सुमारे पावणेदोनशे वर्षांनी यान यानची (384–456) या कवीची राजधानीतून उचलबांगडी झाली. संतापलेल्या यान यानचीनं या ज्ञानींवर कविता लिहिल्या, पण पाचच जणांवर. शान ताओ आणि वांग रोंग यांना गाळलं, कारण ते मोठ्या पदांवर चढले होते. पंख छाटले तरी ड्रॅगनचा स्वभाव कोण माणसाळवणार, असं तो जी कांगबद्दल म्हणतो. सत्तेतल्यांना राग यायचा तो आलाच. सातांची यादी आधीपासून लोकांच्या तोंडी होती, म्हणून तर दोन नावं गाळणं इतकं झोंबलं.

'आठ आचार्यां'ची यादी मला स्वतःला तितकी प्रिय नाही. तांग-सोंग गद्यकारांची ही नावं पक्की झाली मिंग काळात (1368–1644), माओ कुनच्या संग्रहामुळे, आणि आठांत एकाच घरातले तिघे सू, बाप आणि दोन मुलगे. सू शी हवाच, पण बाप-भावाबद्दल भांडायला मी तयार आहे.

तसंच भांडण विसाव्या शतकातल्या लेखकांच्या यादीशीही आहे. लू शुन, क्वो मोरो, माओ दुन, बा जिन, लाओ श, त्साओ यू ही सहा नावं चिनी विद्यार्थी एका दमात म्हणतात. त्यात शेन त्सोंगवेन नाही, चांग आयलिंग नाही. 1961 मध्ये अमेरिकेतल्या एका चिनी प्राध्यापकानं, श्या चिचिंग यांनी, आधुनिक चिनी कथासाहित्याच्या इतिहासात या दोघांना मानाचं पान दिलं आणि पुढे चीनमध्येही त्यांचं फेरवाचन झालं. पुढचा लेख शेन त्सोंगवेनच्या कथांवरच लिहितोय, कथांमधले उतारे घेऊन. त्यावरही असंच कडाडून लिहा.