पॅसिव्ह बेसला प्रीॲम्प बसवल्याशिवाय धार येत नाही? खुलासा

नागपुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांत सध्या एकच सल्ला फिरतोय: पॅसिव्ह बेस (बॅटरीचं सर्किट नसलेला बेस गिटार) मुळातच बद्द, प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) बसवा. हे खरं नाही.

पॅसिव्ह टोनचा नॉब ट्रेबल (आवाजातला वरचा, तीक्ष्ण भाग) फक्त कापतो, वाढवत नाही. तो आधी पूर्ण उघडा. तरी बद्दच? मग बहुधा तारा जुन्या झाल्यात. आपल्या मे महिन्याच्या घामात (कूलरसमोर बसूनही) त्या लवकर मरतात. स्टीलच्या नव्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) तारा चढवा, ब्रिजजवळ (तारा खाली टेकतात तिथे) वाजवा.

लांब केबलही ट्रेबल खाते: मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युतधारिता), त्यातून ट्रेबल गळतो. स्टेजवर दहा मीटर ओढली की फरक कानाला कळतो. २५० ऐवजी ५०० किलोओहमचे पॉट (नॉबखालचे बदलते रोधक) लावले तर थोडी चमक येते, थोडीच. प्रीॲम्पचा खर्च त्यानंतर बघा.