पांढरे तुरे ओहोटीचेही असतात: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही दिलेली तिथी, वेळ आणि जागा ताडून बघितली, तेव्हा लक्षात आलं की चूक बरीचशी माझ्या लिहिण्यात आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: काइटसर्फिंग करणाऱ्यांसाठीच्या, गोव्यातल्या मोरजीच्या वाऱ्यावरच्या लेखात मी लिहिलं होतं की समुद्रावर जागोजागी पांढरे तुरे (लाटांच्या माथ्यावरचा फेस) दिसू लागले की १२ नॉट (ताशी साधारण २२ किलोमीटर) वारा धरून चाला, हवामानाच्या ॲपच्या आकड्यावर अडून बसू नका. तुम्ही पुण्याहून रात्रीच्या बसने आलात. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला शापोरा नदीच्या मुखाजवळ उभे राहिलात, तुरे दिसले, १२ चौरस मीटरची काइट (फळीवरच्या माणसाला ओढणारा, हवा भरायचा मोठा पतंग) भरलीत आणि पाण्यात उतरलात. वारा नव्हताच. काइट पडली ती उठली नाही, पाणी तुम्हाला बाहेर ओढायला लागलं, आणि एका होडीवाल्याने दोर टाकून परत आणलं. ॲप ८ नॉट दाखवत होतं आणि ते बरोबर होतं. "असले अंदाजपंचे सल्ले देऊन लोकांचे जीव घेऊ नका," असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

तुऱ्यांचं आधी. उघड्या समुद्रावर तो हिशेब चुकीचा नाही. तुरळक तुरे ७ ते १० नॉटला दिसतात, ११ ते १६ ला बऱ्यापैकी दाट होतात. पण हा हिशेब पाणी स्थिर असेल तरचा. नदीचं पाणी ओहोटीला बाहेर पडतं आणि वारा समोरून आत येतो, तेव्हा लाट आखूड आणि उभी होते, आणि जो वारा एरवी नुसती सुरकुती उठवतो तोच फेस काढायला लागतो. त्यात मुखाशी वाळूचा दांडा आहे. त्याच्यावर फुटणारी लाट पांढरी दिसते ती वाऱ्यामुळे नव्हे. ओळखायची खूण अशी की दांड्यावरचा फेस त्याच त्या रेघेत परत परत उठतो; वाऱ्याचे तुरे आत्ता इथे, मग तिथे, सगळीकडे विखुरलेले असतात.

हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मी स्वतः कायम आश्व्याच्या बाजूला, मोरजीच्या उत्तरेच्या किनाऱ्यावर, उतरतो आणि तिथे हा प्रश्न येत नाही. सवयीमुळे माणूस आंधळा होतो तो असा.

आता तिथी. कोकणात दर्यावर जाणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण भरण्याची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तुमची प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. गोव्यात त्याच्या जरा आधीच. तिथून पुढे सहा तास ओहोटी. तीन वाजता तुम्ही उतरलात ते ओढ सगळ्यात जोरात असण्याच्या सुमाराला, आणि वर अमावस्येचं उधाण. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास हे दरवेळी होतं: वारा चढायची वेळ आणि पाणी बाहेर पळायची वेळ एकच. म्हणून त्या चार दिवसांत मुखाजवळ उतरूच नये. शिवाय मुखाजवळचा तेंबवाड्याचा तो पट्टा कासवांच्या अंडी घालण्याचा आहे, तिथे काइट पसरणं तसंही बरोबर नाही.

पण ॲपबद्दल तुमच्याशी सहमत नाही. त्या दिवशी ८ खरं ठरलं, मान्य. तरी हा आकडा कुठून येतो बघा. जगभरच्या हवामानाचा अंदाज काढणारी चांगल्यातली चांगली संगणकी प्रारूपंही साधारण ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटीला एकच आकडा देतात. आपल्या चौकटीत थोडा समुद्र, थोडी वाळू आणि थोडा पेडण्याचा डोंगर येतो. खारे वारे जन्मतात ते नेमके जमीन आणि समुद्राच्या सीमेवर, आणि तीच सीमा चौकटीत पुसली जाते. मार्चमधल्या कडक उन्हाच्या दिवशी ॲप ९ म्हणत असताना चार वाजता हातातला विंडमीटर १४ दाखवतो, हे माझ्या वहीत कितीतरी वेळा आहे. मोपा विमानतळाचा आकडा बघणारेही भेटतात. ते तर आत सड्यावर आहे, तिथला वारा आपल्या वाळूवरचा नव्हे.

मग त्या दिवशी वारा का आला नाही? उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: "ऊनसुद्धा धड नव्हतं." वर दुधाळ ढग होते, म्हणून जमीन तापली नाही, म्हणून खारे वारे उठले नाहीत. मी सकाळी आठपासून बघतो ते हेच. पूर्वेची मतलई हलकी आहे का, दहा-साडेदहापर्यंत पडते का, मधे सुरूची पानं अगदी गप्प होतात का. गप्प झाली आणि ऊन चटका देत असलं तर बाराच्या आसपास पश्चिमेकडून पहिली झुळूक येते आणि दुपार चढेल तशी ती वायव्येला सरकते. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या गालावर लागते. अकरा वाजले तरी मतलई जोरात असेल तर मी घरी जेवायला जातो.

विंडमीटर घ्याच. शॅकच्या आडोशाला नको, पाण्याच्या कडेला जाऊन हात वर करून पाच मिनिटं धरा आणि सरासरी सोडून सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा लिहा. ११ ते १५ असेल तर मजेत जा. ७ ते १८ असेल तर सरासरी जवळपास तेवढीच, पण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे झोताच्या वेळी साडेसहा पट. विंडसर्फिंगवाल्याला हे एक वेळ परवडतं. वारा पडला तर शीड टाकून फळीवर पालथं पडून हाताने वल्हवत येता येतं. काइटवाल्याकडे ती सोय नसते. ८ नॉटमध्ये पाण्यावर पडलेली काइट उठत नाही, हे तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

लेखातला तुऱ्यांचा परिच्छेद आज बदलला आहे, आणि वर तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. पुढच्या वेळी अष्टमीच्या आसपास या, आश्व्याला भेटू. काइट गोड्या पाण्याने धुतलीत ना? वाळू राहिली तर झडपा जातात. आणि त्या होडीवाल्याला डिझेलचे पैसे दिले नसतील तर सांगा, जेटीवर चौकशी करून मी पोचवतो.