खरं दार, रंगवलेलं दार

इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात जुने व्हिला बघायला निघालेल्या माणसाला वास्तुकला कळली नाही तरी चालतं. बसचं वेळापत्रक मात्र वाचता आलं पाहिजे. थांब्यावरच्या कागदावर 'फेरियाले' असा शब्द असतो. 'फेरिए' म्हणजे सुट्टी, हे आपण विमानात पाठ केलेलं. तेव्हा ही सुट्टीची बस, असा सरळ हिशेब करून आपण रविवारी सकाळी पाण्याची बाटली घेऊन हजर! प्रत्यक्षात 'फेरियाले' म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. रविवारच्या गाड्या 'फेस्तिवो'च्या रकान्यात, आणि गावाकडच्या मार्गावर तो रकाना बहुधा उपाशी. त्यातून गाडीपुढे 'स्कोलास्तिको' लिहिलेलं असेल, तर ती फक्त शाळा चालू असताना धावते. मे महिन्यात रोज दिसणारी बस जुलैत आजोळी जाते.

तिकीट आधी घ्यायचं, तेही तंबाखूच्या दुकानात. कागदी तिकीट असेल तर बसमध्ये चढल्याबरोबर यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. छापली नाही तर पैसे भरूनही आपण फुकटेच, आणि दंड वेगळा.

हे व्हिला इतके आडबाजूला का, याचं कारण साधं आहे. ही मुळात शेतावरची घरं. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या श्रीमंतांनी समुद्रातला पैसा जमिनीत घालायला सुरुवात केली आणि त्यांना आंद्रेआ पाल्लादिओ (१५०८–१५८०) हा मूळचा पाथरवट असलेला वास्तुकार भेटला. मध्ये मालकाचं घर, दोन्ही अंगांना 'बारकेस्सा' नावाच्या कमानदार पडव्या, त्यांत अवजारं, गाड्या, जनावरं, माळ्यावर धान्य. फान्झोलोच्या व्हिला एमोसमोर जिन्याऐवजी लांबरुंद फरसबंदी उतार आहे. आपण ज्याच्यापुढे मान वर करून उभे राहतो, ते देवळाचं तोंड लावलेलं वाड्याचं खळं आहे! संगमरवरी वाटणारे बरेचसे खांबही विटांचे, वरून गिलावा. कमी खर्चात एवढा थाट करणाऱ्या माणसाबद्दल मला नितांत आदर आहे. युनेस्कोच्या यादीत (१९९४, वाढवून १९९६) व्हिचेन्त्सा शहराबरोबर असे २४ व्हिला आहेत आणि ते प्रांतभर विखुरलेत. एका दिवसात दोन होतात. तीन करणाऱ्याच्या हाती फक्त तीन फाटकांचे फोटो लागतात.

कारण फाटकं बंद असतात. बरेचसे व्हिला खासगी आहेत, आणि पाहुण्यांना कधी घरात घ्यायचं हे घरमालक ठरवतो. कुठे आठवड्यातले दोन-तीन दिवस, कुठे फक्त उन्हाळ्यात, मध्ये जेवणाची सुट्टी, आणि बंद व्हायच्या बऱ्याच आधी 'शेवटचा प्रवेश'. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी व्हिलाचा वार, मग त्या वाराची बस, मग शेवटची परतीची बस, आणि कलेचा इतिहास उरलेल्या वेळात.

व्हिचेन्त्साची 'ला रोतोंदा' त्यातल्या त्यात सोपी. स्टेशनपासून पायी साधारण अर्धा तास. बांधकाम १५६६ च्या सुमारास सुरू झालं. पाल्लादिओच्या मागे स्कामोत्सी या दुसऱ्या वास्तुकाराने ते पुरं केलं. घर मुख्य दिशांना ४५ अंशांत फिरवलंय, म्हणजे कुठल्याच बाजूच्या वाट्याला कायमची सावली येत नाही. मध्ये गोल दालन, चारी बाजूंना अगदी सारखे चार मंडप आणि चार सारखे जिने. सौंदर्य निर्विवाद, पण आत दोन गिरक्या घेतल्या की आपण कुठून आलो ते कळत नाही. आत जाताना जिना लक्षात ठेवून उपयोग नाही, जिन्यासमोरचं दृश्य लक्षात ठेवायचं. दुसरं म्हणजे बाग उघडी आहे म्हणून घरही उघडं असेल असं धरून चालू नये. घर बंद निघालं तर दगडी पायवाटेने दहा-पंधरा मिनिटं चढून व्हिला वाल्माराना गाठावा. कुंपणाच्या भिंतीवर सतरा दगडी बुटके उभे आहेत आणि आत तिएपोलो या चित्रकार बापलेकांची १७५७ ची भित्तिचित्रं.

मासेरच्या व्हिला बार्बारोत तर दारच संशयास्पद. दारात घ्यायला जाड नमद्याच्या सपाता मिळतात. त्या आपल्या बुटांवरून चढवायच्या. मग पाय उचलायचा नाही, सरकवायचा. उचलला की सपाता मागे राहते आणि बूट पुढे जातो. तिकीट काढून दुसऱ्याची फरशी पुसून देण्याचा हा प्रकार मी इतरत्र पाहिलेला नाही. भिंतींवर १५६० च्या सुमारास चित्रकार पाओलो वेरोनेझेने खोटी दारं रंगवलीत. एका दारातून एक मुलगी डोकावते. बाजूला व्हावं की 'आधी तुम्ही' म्हणावं, असा प्रश्न पडतो. खोल्यांच्या रांगेच्या टोकाला शिकारीहून परतलेला एक गृहस्थ; हा खुद्द वेरोनेझे, असं सांगतात. त्याच्याकडे सरकत गेलो तर कपाळाला भिंत लागते.

शेवटी स्त्रा इथला व्हिला पिसानी. हा शेतावरचा नव्हे, सरळ राजवाडाच: खोल्या ११४, कारण आल्विझे पिसानी व्हेनिसचा ११४ वा दोजे, म्हणजे राज्यप्रमुख. १८०७ मध्ये तो नेपोलियनने विकत घेतला. बागेत कुंपणझाडांचा नऊ कड्यांचा चक्रव्यूह आहे. पाऊस किंवा हिवाळा असला की तो बंद. आत चकवा लागतोच. एक हात कायम एकाच बाजूच्या कुंपणाला लावून चालायची युक्ती इथे भरवशाची नाही, कारण मधली काही कुंपणं बाहेरच्यांना जोडलेलीच नसली तर आपण सन्मानाने प्रदक्षिणा घालत राहतो. मधल्या मनोऱ्यावर मिनर्व्हा या रोमन देवीचा पुतळा, आणि बहुधा एक कर्मचारी. तो वरून ओरडून वाट सांगतो: 'देस्त्रा' म्हणजे उजवीकडे, 'सिनिस्त्रा' म्हणजे डावीकडे. एवढे दोन शब्द बाकी सगळ्या इटालियनच्या आधी शिकावेत. मनोऱ्याला बाहेरून दोन गोल जिने आहेत. वर उभं राहून पाठ केलेलं डावं-उजवं चुकीच्या जिन्याने उतरलं की उलटं होतं. तेव्हा परतीची वाट वरच्या माणसालाच विचारावी, आणि तो जेवायला जायच्या आत विचारावी.