उन्हात ठेवलेलं तांब्याचं पाणी कावीळ थांबवत नाही

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की पाठोपाठ कावीळ येते. यंदा तिच्याआधी एक मेसेज आला. गावच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सगळीकडे तोच. मजकूर साधारण असा: "तांब्याच्या रुंद भांड्यात पाणी भरून तीन तास कडक उन्हात उघडं ठेवा. धातू आणि प्रकाश एकत्र आले की विषाणू मरतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. हे पाणी रक्तातून पेशींत जातं आणि कावीळ, डेंग्यू, सगळ्यांचे विषाणू मारतं. बाळाची कावीळसुद्धा डॉक्टर प्रकाशानेच बरी करतात. टीसीएलचा (पाण्यात जंतू मारायला टाकतात त्या क्लोरीनच्या पावडरचा) वासही उन्हात उडतो. पाणी उकळून गॅस जाळू नका."

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. असे मेसेज रोज येतात आणि रोज उत्तर देत बसणं होत नाही. पण परवा शेजारच्या काकूंच्या ओट्यावर पाण्याने भरलेलं तांब्याचं घंगाळ उन्हात दिसलं. त्यांची सून सातव्या महिन्यात आहे आणि ते पाणी तिच्यासाठी होतं. "सर, सायन्सचंच आहे की हे," काकू म्हणाल्या. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. म्हणूनच एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

"धातू आणि प्रकाश एकत्र आले की विषाणू मरतात." प्रयोगशाळेत, ठरावीक धातूच्या ठरावीक संयुगाने आणि ठरावीक रंगाच्या प्रकाशात हे होतं. खूप अभ्यास झालेलं एक उदाहरण रुथेनियम या धातूचं. एमएस्सीला असताना त्याचं एक संयुग मी पहिल्यांदा पाहिलं. साध्या उजेडात पाणी केशरी दिसतं. अंधारात त्यावर निळा प्रकाश सोडला की तेच पाणी शेंदरी रंगाने आतून पेटल्यासारखं दिसतं. ते संयुग 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि ती ऊर्जा काही काळ धरून ठेवतं. हवा काढून घेतलेल्या पाण्यात हा काळ साधारण 600 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी. रसायनशास्त्रात मात्र तेवढा वेळ खूप झाला. तेवढ्यात जवळून ऑक्सिजनचा रेणू गेला तर ऊर्जा त्याच्या हवाली होते आणि तयार होतो सिंगलेट ऑक्सिजन. हा भलताच आक्रमक असतो. विषाणूचं प्रथिनाचं कवच, चरबीचं आवरण, आतलं जनुकीय द्रव्य, जे हाताशी येईल त्याची तो मोडतोड करतो.

आता "सिद्ध केलं" म्हणजे काय केलं, तेही बघा. काचेच्या बशीत जिवंत पेशींचा पातळ थर वाढवतात. त्यावर विषाणू सोडले की जिथे जिथे संसर्ग होतो तिथल्या पेशी मरतात. नंतर जांभळा रंग टाकून धुतलं की जांभळ्या थरात पांढरी भोकं उरतात, एखाद्या कापडाला कसर लागावी तशी. ती भोकं मोजायची. एका बशीत संयुग आणि प्रकाश दिलेले विषाणू, दुसऱ्या बशीत काहीच न केलेले. पहिल्या बशीत भोकं कमी निघाली तर संयुगाने काम केलं म्हणायचं. हे संशोधन मोलाचं आहे, त्याची टर उडवायची नाही. पण ती भोकं बशीतली असतात. बशीत संयुग किती टाकायचं, प्रकाश कोणता आणि किती वेळ द्यायचा, सगळं संशोधकाच्या हातात असतं. माणसाच्या पोटात यातलं काहीच हातात नसतं.

मेसेजचा रोख असा की "तांब्याच्या पाण्यातही सूर्यप्रकाशाने तेच होतं." नाही होत. प्रकाश शोषला गेला तरच रासायनिक काम करतो, हा प्रकाशरसायनाचा पहिला नियम. भांड्यातून पाण्यात उतरणारं तांबं इतकं थोडं असतं की पाण्याला रंगसुद्धा येत नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचंच संयुग. तो आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही, मोसंबीवर, द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारणाऱ्याने त्याचा निळा रंग रोज पाहिलेला असतो. त्या रंगाचा अर्थ असा की पाण्यातला तांब्याचा आयन मुख्यतः लाल आणि त्यापलीकडचा प्रकाश शोषतो. पण रुथेनियमचं ते संयुग ऊर्जा धरून ठेवतं, तसं याला जमत नाही. ऑक्सिजन भेटायच्या कितीतरी आधी ती ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात विरून गेलेली असते. दोन्ही धातू, दोन्ही रंगीत, तरी वागणं वेगळं. "धातू" हा एकच शब्द वापरून मेसेजने इथेच गफलत केली आहे.

उन्हाने पाणी निर्जंतुक करायची खरी पद्धत आहे, ती सांगतो. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकची बाटली, त्यात न गढुळलेलं पाणी, आणि कडक उन्हात आडवी ठेवून सहा तास. आभाळ असेल तर दोन दिवस. यात काम करतात ते सूर्याचे अतिनील किरण, त्यांना उष्णतेची साथ असते. तांब्यातून प्रकाश आरपार जात नाही. घंगाळात ऊन पडतं ते फक्त वरून.

"हे पाणी रक्तातून पेशींत जाऊन विषाणू मारतं." सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच, कारण यामुळे माणूस दवाखान्यात जायचं लांबवतो. रात्री लाइट गेल्यावर मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरून बघा. बोट लालभडक दिसेल. पांढऱ्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनने गिळला, थोडा लाल तेवढा पलीकडे आला. हिमोग्लोबिनचा रंगसुद्धा त्यातल्या लोहाच्या संयुगाचाच. निळा प्रकाश कातडीत जेमतेम एखादा मिलिमीटर शिरतो, लाल काही मिलिमीटर. यकृत बरगड्यांच्या आड असतं, तिथे कायम अंधार. वर सिंगलेट ऑक्सिजन पाण्यात सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकाही टिकत नाही. ओट्यावर तयार झाला असता तरी ओट्यावरच संपला असता. तो पिता येत नाही.

समजा, तो पेशीत पोचलाही. विषाणू तिथे वेगळा बसलेला नसतो. कावीळ करणारा हिपॅटायटिस ई चा विषाणू जेमतेम 30 नॅनोमीटरचा. यकृताच्या पेशीत शिरला की कवच सोडतो, आपला आरएनए मोकळा करतो आणि पेशीच्याच रायबोसोमवर आपली प्रथिनं बनवून घेतो. त्या वेळी तो आणि पेशी वेगळे काढणं फार अवघड. सिंगलेट ऑक्सिजनला आपलं-परकं कळत नाही, तो पेशीलाही जाळतो. म्हणून प्रकाश आणि संयुगाचा हा उपाय रक्तपेढीत चालतो, जिथे प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढून उरलेला द्रव, पिशवीत असतो आणि त्यात पेशी जगवायच्या नसतात. तिथे मेथिलीन ब्लू नावाचा रंग वापरतात, आणि त्यात धातू नाहीच.

जास्तीचं तांबं यकृतच पित्तावाटे बाहेर टाकतं. काविळीत आजारी असतं तेही यकृतच. त्याच्यावर तांब्याचा आणखी भार कशाला?

डेंग्यू तर डासाने होतो. प्यायच्या पाण्याशी त्याचा संबंधच नाही.

"बाळाची कावीळ डॉक्टर प्रकाशानेच बरी करतात." करतात, आणि हे मला मनापासून आवडतं, कारण ही शुद्ध प्रकाशरसायनाची करामत आहे. इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नर्सच्या लक्षात आलं की बाळाच्या ज्या अंगावर ऊन पडलं तिथला पिवळेपणा उतरला. त्यातून 1958 मध्ये उपचाराचा पहिला शोधनिबंध आला. नवजात बाळाच्या कातडीत साठलेलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य स्वतःच निळा प्रकाश शोषतं, त्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि बदललेला रेणू यकृताची फार मदत न घेता बाहेर पडू शकतो. यात विषाणू कुठे नाही, धातू कुठे नाही. बाळाचं यकृत अजून तयार झालेलं नसतं म्हणून होणारी ती कावीळ. आपल्या टँकरच्या काविळीचं नाव तेच, कारण वेगळं. आणि बाळालाही घरच्या उन्हात ठेवून डॉक्टरांना टाळू नका.

यावर लोक म्हणतात, "आजी-पणजी तांब्याचंच पाणी प्यायच्या." प्यायच्या, आणि त्यात तथ्य आहे. 2012 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यात जुलाब करणारे जिवाणू मरतात. जिवाणू, तेही 16 तासांत, आणि उन्हाची गरज नव्हती. काविळीच्या विषाणूबद्दल त्यात काही नाही.

आता मेसेजमधलं ते वाक्य, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो: "टीसीएलचा वास उन्हात उडतो." उडतो. आणि वासाबरोबर संरक्षणही उडतं. क्लोरीनचं पाण्यात जे द्रव्य बनतं ते सूर्यप्रकाशात फुटतं. उन्हाने तापलेलं पाणी आणि तांब्याची भिंतही ते संपवायला हातभार लावतात. त्या संध्याकाळी मी गावच्या जलसुरक्षकाला ओटी टेस्टची पेटी घेऊन काकूंकडे बोलावलं. पाण्यात क्लोरीन उरलेला असेल तर या टेस्टमध्ये पाणी पिवळं होतं. सकाळच्या एकाच टँकरचं पाणी. एका नळीत माजघरातल्या झाकलेल्या हंड्यातलं, दुसरीत घंगाळातलं. दोन्हींत ओटीचे थेंब टाकले. हंड्याचं पाणी पिवळं झालं, फिकट, पण स्पष्ट. घंगाळाचं होतं तसंच राहिलं, नितळ. काकूंनी ती नळी माझ्या हातातून घेऊन दाराच्या उजेडात धरली, पुन्हा हलवली. रंग आला नाही.

मग मी त्यांना दिल्लीचं सांगितलं. 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेचं मैला मिसळलेलं पाणी नळाला आलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता, हे कैक वर्षांनी ठरलं. बहुतेक धडधाकट माणसं यातून उठतात. पण शेवटच्या तिमाहीतल्या बाईला तो झाला तर शंभरातल्या 20 ते 25 जणी दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा सुनेसमोर उच्चारताना मला जड गेलं. तरी उच्चारला.

टीसीएल गढूळ पाण्यात लवकर संपतं, टँकर कुठे भरला तेही आपल्याला माहीत नसतं. म्हणून गरोदर बाईचं पाणी खळखळून उकळी येईपर्यंत तापवायचं, मिनिटभर तसंच उकळू द्यायचं, झाकून गार करायचं, आणि ओगराळ्याने घ्यायचं, हात न बुडवता. गॅस जळतो, खरं आहे. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलेला हा प्रदेश, इथे पाण्याचा प्रत्येक घोट कुठून ना कुठून खर्चाचाच आहे. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना गेली, असं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

काकूंनी घंगाळातलं पाणी कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतलं. सुनेने पातेलं गॅसवर चढवलं आणि विचारलं, "सर, कणीक भिजवायला पण हेच पाणी घेऊ का?" पोळी तव्यावर भाजली जाते, तिला न उकळलेलं चालेल, म्हणालो. पण ताकात, कोशिंबिरीत आणि बर्फात उकळलेलंच.